निवलेला पोंक

‘पोंक आलाय बाजारात. आता तरी भेटू या ना गं,’ एवढंच चौलानं लिहिलं होतं, आणि पुढे एक हसरं तोंड. हर्षिदा पापडी निवडत बसली होती. फोन फरशीवर थरथरत तिच्या गुडघ्याकडे सरकला, हातातली शेंग मोडता मोडता तिनं ते वाचलं, आणि दाण्याबरोबर आतली अळीही बोटांत चिरडली गेली. हिरवट ओलं काहीतरी नखात शिरलं. ते तिनं पुसलं नाही. आता तरी. म्हणजे इतके दिवस अडून कोण बसलं होतं? जणू हर्षिदाच आतून कडी घालून बसलेली आणि चौला बिचारी दारात पोंकाचा पुडा घेऊन ताटकळलेली. आणि वर ते तोंड. पिवळं, गोल, बिनकानाचं. लोकांच्या तोंडावरची फडकी सुटली, शाळा उघडल्या, लग्नांचे बँडवाले पुन्हा सुरतेतल्या सगरामपुऱ्याच्या गल्लीत शिरून स्कूटरी अडवायला लागले, आणि आता चौलालाही तोंड फुटलं. मध्ये दोन पावसाळे गेले होते.

‘चांडाळ चौकडी’ हे फोनातल्या त्यांच्या कट्ट्याचं नाव तरूनं ठेवलेलं. तरुलता, फाल्गुनी, चौला आणि हर्षिदा. एकाच गल्लीत लग्न होऊन आलेल्या, नळावर भांडता भांडता मैत्रिणी झालेल्या. त्यातही चौला आणि हर्षिदा समोरासमोर, दोघी दुसऱ्या मजल्यावर. गल्ली इतकी अरुंद की हर्षिदाच्या गॅलरीतून चौलाच्या देवघरातली उदबत्ती किती उरलीय ते दिसायचं. पुढे तरू नदीपलीकडे अडाजणला राहायला गेली, फाल्गुनी स्टेशनकडे, पण दर हिवाळ्यात चौघी एकदा पोंक खायला जमायच्याच. हिरवी कोवळी ज्वारी निखाऱ्यात भाजून, फडक्यात झोडून काढलेले गरम दाणे, वर लिंबू-मिऱ्याची शेव, लसणाची चटणी, आणि तोंड भाजतंय तोवर दुसऱ्यांच्या सुनांची निंदा. मग ते वर्ष आलं आणि चौकडी फोनात राहायला गेली. आधी काढ्यांच्या कृती आल्या, मग बोटाला लावायच्या यंत्रावरचे आकडे, मग हार घातलेले फोटो, आणि मग, माणसं सोकावतात तशी, पुन्हा विनोद. हर्षिदा सगळं वाचायची. लिहायची काही नाही.

आताही भराभर उत्तरं पडत होती. ‘खिडक्या उघड्या असतील ना? मी माझा चमचा घेऊन येते,’ हे फाल्गुनीचं. ‘चमचा आण, ताट आण, हवं तर नवराही आण, पण ये बाई. माझी जीभ भिंतींशी बोलून कुजायला आलीय,’ हे तरूचं. कुणाकडे जमायचं ते कुणी लिहीत नव्हतं. हर्षिदानं पापडीचं ताट बाजूला सारलं आणि अळीच्या बोटानंच लिहिलं, ‘माझ्याकडे. शनिवारी. चार वाजता.’ पाठवून झाल्यावर तिच्या लक्षात आलं की आपण चार हीच वेळ का लिहिली. बोटांना तिच्याआधी कळलं होतं.

समोरून आवाज आला. कुईं... ठक. कुईं... ठक. चौलाच्या दिवाणखान्यातला हिंडोळा. तिचा नवरा, नरेशभाई, ह्या वेळी त्यावर बसतात, एक पाय वर घेऊन, दुसऱ्यानं फरशीला रेटा देत. रेटा दिला की कडी कुईं करते, मागे गेला की पाटाची कड भिंतीला लागून ठक. हर्षिदाचा नवरा किरीट असताना हा आवाज होताच की. तेव्हा त्यांचाही हिंडोळा चालायचा आणि दोन्ही आवाज एकमेकांत मिसळून जायचे, कोणता कुठला ते कळायचं नाही. आता एकच उरला. हर्षिदानं आपला हिंडोळा दोरीनं खिडकीच्या गजाला बांधून टाकला होता, पिसाळलेलं जनावर बांधावं तसा. समोरचा मात्र चालूच. सकाळी पेपर वाचताना, दुपारी ताक पिऊन, संध्याकाळी दिवा लागेपर्यंत. प्रत्येक कुईं तिच्या दाढेत शिरायची. तो आवाज किरीटच्या जिवावर चालला होता. हे तिनं मनातल्या मनात इतक्या वेळा म्हटलं होतं की त्याची धार बोथट होईल असं तिला वाटे, होत नव्हती. रोज परजली जात होती.

कारण आधी आजारी पडले ते नरेशभाई. तो चैत्र तिला अजून अंगावरच्या घामासारखा आठवतो; गल्लीत माणूस नाही, दिवसरात्र फक्त गाड्यांचे भोंगे. चौला गॅलरीत येऊन कठडा दोन्ही हातांनी धरून ओरडली होती, ‘हर्षिदा, इंजेक्शन मिळत नाहीये गं कुठे! दवाखानावाले म्हणतात, तुम्हीच आणा!’ किरीट जेवत होता. ताटात भाकरीचा अर्धा चतकोर तसाच ठेवून तो उठला. हर्षिदा काही म्हणाली नाही, आणि म्हणाली असती तरी तो थांबला नसता, कारण किरीटला रांगांची भारी हौस. रांग दिसली की त्या माणसाला आपण कुणाच्या तरी लग्नाला आलोय असं वाटायचं. रविवारी नाश्त्याला लोचोच्या रांगेत तो चौलाच्या घरचाही डबा घेऊन उभा राही. एकदा तर काय मिळतंय हे न विचारताच रांगेत लागला आणि कुणाच्या तरी मुलीच्या शाळेचा अर्ज घेऊन घरी आला, ह्यांना मुलगी नसताना. जरीच्या दुकानात गिऱ्हाइकाशी दोन शब्द बोलताना कंटाळणारा माणूस रांगेत पुढच्या-मागच्याची सात पिढ्यांची चौकशी करी. त्या दिवशीही केली असेल. तोंडावरचं फडकं हनुवटीवर ओढून, नीट ऐकू यावं म्हणून. उन्हात दिवसभर उभा राहून तो संध्याकाळी आला, हातात बर्फात ठेवलेली पांढरी डबी. दोन्ही घरांत सामान चढवायला गॅलरीतून सोडायच्या टोपल्या होत्या. त्यानं खाली उभं राहून चौलाच्या टोपलीत डबी ठेवली आणि हाक दिली, ‘घ्या भाभी, कुल्फी आली!’ चौला वरून रडत हसली. टोपली वर गेली.

मग नरेशभाई घरी आले आणि किरीट घरातून गेला. जवळजवळ एकाच वेळी. कोण जाणे, गाडीही तीच असेल.

चार ते सहा. टेलिफोनिक बेसणं. तेव्हा छापून यायचंच तसं, पेपरात पानंच्या पानं फोटोंची, आणि खाली वेळ आणि फोन नंबर. घरी कुणी यायचं नाही, फोनवर सांत्वन करायचं. एरवी बेसणं म्हणजे दिवाणखान्यातलं सगळं सामान हलवायचं, भिंतीपासून भिंतीपर्यंत पांढऱ्या चादरी, खुर्चीत फोटो, फोटोला चंदनाचा हार, आणि पांढऱ्या कपड्यांतली माणसं येऊन न बोलता बसतात. बोलायचं नसतं हेच त्यातलं बरं. फक्त बसायचं. बायको मध्ये, आणि तिच्या उजव्या गुडघ्याला गुडघा लावून तिची सगळ्यांत जवळची बाई. हर्षिदाची सासू गेली तेव्हा चौला तशी बसली होती, चौलाची गेली तेव्हा हर्षिदा. त्या दिवशी मात्र हर्षिदा एकटीच बसली. मुलगा मेहुल कॅनडात, विमानं बंद. नणंदेनं फोनवरून बजावलं होतं म्हणून तिनं चादर घातली, पांढरी साडी नेसली, फोटोसमोर दिवा लावला, आणि मध्ये फोन ठेवला. कुणाचं बाळ निजवावं तसा, उशीवर.

फोन खूप आले. किरीटच्या रांगांतली निम्मी माणसं असावीत. सगळे तीच चार वाक्यं म्हणत, एकाच्या मागून दुसऱ्याचा आवाज घुसे, कुणाच्या घरात टीव्ही चालू असे. एका मामेसासऱ्यांनी सांत्वन करून झाल्यावर दुकान विकायचंय का म्हणून विचारलं. आणि फोन ठेवताना तर सगळ्यांची फजिती. सुरतेत माणूस ‘आवजो’ म्हटल्याशिवाय ना घरातून निघतो ना फोन ठेवतो. या पुन्हा, एवढाच त्याचा अर्थ. आणि बेसण्यातून निघताना नेमका तोच शब्द तोंडातून काढायचा नसतो, अशा घरी पुन्हा यायची वेळ यावी असं कोण म्हणेल? हात जोडायचे आणि मुकाट जायचं. पण हात जोडलेले फोनवर दिसत नाहीत. लोक सवयीनं ‘आव—’ म्हणत आणि जीभ चावत, मग खाकरत, मग धाडकन ठेवून देत. फाल्गुनी तर अख्खं ‘आवजो’ म्हणून गेली, माफी मागायला रडत पुन्हा फोन केला, आणि माफी मागून झाल्यावर पुन्हा म्हणाली, ‘बरं, आवजो.’ त्या दिवशी हर्षिदा एवढ्या एकाच वेळी हसली होती. हसली, आणि हे चौलाला सांगायला म्हणून तिची मान आपसूक गॅलरीकडे वळली. समोरचं दार बंद होतं. सहा वाजले. बंदच होतं. फोनही नाही. सातपर्यंत ती चादरीवर बसून राहिली, मग आठपर्यंत, मांडी सुन्न होईस्तोवर. समोरून फक्त तो आवाज सुरू झाला. बऱ्याच दिवसांनी, हळूहळू, एखाद्या दुबळ्या माणसानं रेटा द्यावा तसा. कुईं... ठक.

दुसऱ्या दिवशीही चौलानं दार उघडलं नाही. महिन्यानं उघडलं तेव्हा हर्षिदानं आपलं लावून घेतलं. मग गल्लीत, दूधकेंद्रावर, लसीच्या रांगेत गाठ पडायची. तोंडावर फडकी, वर नुसते डोळे, आणि डोळ्यांना वेळीच दुसरीकडे बघता येतं. हर्षिदानं सूड घ्यायला सुरुवात केली ती बारीकसारीक. चौलाची एक वाटी तिच्याकडे राहिली होती, नाव कोरलेली, तिच्यातून शेवटची आली ती कढी. भरल्याशिवाय वाटी परत करायची नाही हा दोन घरांतला तीस वर्षांचा रिवाज. हर्षिदानं तिच्यात भांडी घासायची पूड ठेवली. रोज सकाळी घासणी त्या नावावरून फिरायची. गॅलरीच्या कठड्यावर ती ओल्या चादरी अशा वाळत घाली की समोरच्या देवघरात ऊन जाऊ नये. आणि मोठे सूड ती दुपारी पडल्या पडल्या घेई. हिंडोळ्याची कडी तुटलीय. नरेशभाई पाय वर घेऊन तसेच खाली. मग सगळ्यांच्या आधी गल्ली ओलांडून हर्षिदाच जाईल, पांढरी साडी नेसून. चौलाच्या उजव्या गुडघ्याला गुडघा लावून बसेल. सगळं इतकं रीतसर, इतकं चोख करील की चौलाच्या घशाखाली पाणी उतरू नये. इथवर आलं की तिला गोड झोप लागायची. उठल्यावर तोंड कडू असायचं.

शनिवारी सकाळी रिक्षा करून ती पुलापलीकडे गेली आणि पोंकाच्या भट्टीवर स्वतः उभी राहून ताजा झोडून घेतला. गरम पुडकं मांडीवर ठेवून परत येताना त्याची ऊब पोटापर्यंत पोचत होती, तापलेल्या मुलाला दवाखान्यात न्यावं तसं वाटत होतं. घरी आल्यावर तिनं कपाट उघडलं. चादरी तळाशी होत्या, नॅप्थलीनच्या वासाच्या. सोफा तिनं एकटीनं ढकलत आतल्या खोलीत नेला. कमरेत कळ आली, ती तिला आवडली. भिंतीपासून भिंतीपर्यंत पांढरं. खुर्ची. फोटो. चंदनाचा हार. बांधलेल्या हिंडोळ्याच्या साखळ्या तेवढ्या त्या पांढऱ्यावर सावली पाडत होत्या. पोंक तिनं स्वयंपाकघरात डब्यात झाकून ठेवला, आणि पांढरी साडी नेसली.

आधी तरू आली, धापा टाकत, तिच्यामागे फाल्गुनी, तोंडावर एकावर एक दोन फडकी. ‘दोन जिने! हर्षिदा, आम्ही मेल्यावर तरी लिफ्ट बसव,’ म्हणत तरूनं चपला काढल्या, मिठी मारायला हात पसरले, फाल्गुनी मागच्या मागे सरकली, तरूनं तिला कोपरानं ढोसलं, आणि दोघी हसत हसत वळल्या त्या पांढऱ्यावर. हसू तरूच्या तोंडावर तसंच राहिलं, नुसतं आतलं काढून घेतल्यासारखं.

‘हे काय गं?’

‘बसा,’ हर्षिदा म्हणाली.

‘पोंक खायला बोलावलंस ना?’

‘पोंक आहे. आत आहे. आधी हे. एकीचं राहिलंय.’

फाल्गुनीला आधी कळलं; फडक्यांवरचे तिचे डोळे भरून आले. तरू म्हणाली, ‘डोकं ठिकाणावर आहे का तुझं? किती दिवसांनी माणसात आलोय आपण. ती बिचारी—’ आणि तेवढ्यात जिन्यावर बांगड्या वाजल्या. चौलाची चढायची तऱ्हा तीस वर्षांत बदललेली नव्हती. दर वळणावर थांबायची आणि तिथूनच बोलायला लागायची. ‘अगं, लिंबं इतकी रसाळ मिळालीत ना, आणि शेव तुमच्या त्या कोपऱ्यावरच्याकडची नाही हं आणली, त्याचा हात हल्ली—’ ती दारात आली. पोपटी साडी, ओठांवर अगदी पुसट रंग, केसांत पांढरं पुष्कळ. दोन वर्षांत हर्षिदानं तिला इतक्या जवळून पाहिलं नव्हतं. गळ्याची कातडी सैल झाली होती. ते हर्षिदाला कुणी सांगितलं नव्हतं. एक क्षण तिला त्याचाच राग आला, आपल्याला न विचारता म्हातारं होण्याचा.

‘ये,’ हर्षिदा म्हणाली. ‘चार ते सहा आहे.’

चौलानं फोटोकडे पाहिलं. चादरीकडे पाहिलं. शेवेचा पुडा आणि लिंबांची पिशवी तिनं उंबऱ्याबाहेर, चपलांशेजारी ठेवली, आणि वळून जिना उतरून गेली. बांगड्या वाजत खाली गेल्या, दर वळणावर न थांबता.

‘झालं समाधान?’ तरू म्हणाली. ‘तू कसाई आहेस, हर्षिदा. लग्नाच्या पंगतीत नेऊन मान कापणारी.’ तिच्या अंगातून काहीतरी गरम गरम उतरत होतं, पायांच्या बोटांपर्यंत, आणि ते इतकं चांगलं वाटत होतं की हलायची भीती वाटत होती. जाऊ दे. आता ती घरी जाईल, दार लावेल, रडेल. नरेशभाई विचारतील काय झालं. सांगू दे. काय सांगणार? फाल्गुनी चादरीच्या कडेला टेकली होती, पुढ्यात आपला चमचा आणि पाण्याची बाटली ठेवून, सहलीला आलेल्या मुलीसारखी. समोरचा हिंडोळा वाजत होता. मग तो थांबला. मध्येच, कुईं झाल्यावर, ठक व्हायच्या आधी. हर्षिदाचे कान त्या ठकसाठी ताटकळले.

जिन्यावर पुन्हा पावलं आली तेव्हा बांगड्या वाजत नव्हत्या. चौला दारात उभी राहिली. पांढरी साडी, घड्यांवर पिवळी पडलेली, बहुतेक सासूच्या वेळची. पोलकं तेव्हाचंच, दंडात रुतत होतं. ओठ पुसलेले. ती चपला काढून आत आली, फोटोपुढे बसली, हात जोडले, फुलं नव्हती म्हणून नुसतेच जोडले, मग गुडघ्यांवर जरा पुढे सरकली आणि हर्षिदाच्या उजव्या बाजूला बसली. गुडघा लावला नाही. मध्ये चार बोटं जागा ठेवली.

खाली भंगारवाला ओरडत गेला. उदबत्तीची राख वाकली, पडली. हर्षिदाला वाटलं होतं ती माफी मागेल, रडेल, निदान हुंदका देईल. तेव्हा काय बोलायचं ते तिनं दोन वर्षं घासूनपुसून ठेवलं होतं. चौला रडली नाही. ती नुसती बसली होती, बसायचं असतं तशी. अर्ध्या तासानं तरू उठली, फाल्गुनीला उठवलं. दोघींनी फोटोला हात जोडले. फाल्गुनीनं दारात पोचेपर्यंत फडक्यांवरून तोंड हातानं गच्च दाबून धरलं होतं, हर्षिदाला माहीत होतं कशासाठी, आणि तिनं मान वळवली, आणि चौलानंही त्याच क्षणी वळवली, आणि दोघींना एकमेकींची नजर चुकवावी लागली, कारण ती गोष्ट हर्षिदानं चौलाला कधी सांगितलेलीच नव्हती आणि तरी चौलाच्या तोंडाचा कोपरा हलला होता. फाल्गुनीनं तिला सांगितलं असणार. म्हणजे ह्या बोलत होत्या. आपल्यावाचून.

‘दोन वर्षं,’ हर्षिदा म्हणाली. आवाज तिला वाटला त्यापेक्षा मोठा निघाला. ‘एक फोन. लोकांनी दुकान विकत मागायला फोन केला. तुला एक जमला नाही.’

‘ह्यांना सांगितलं नव्हतं,’ चौला फोटोकडे बघत म्हणाली. ‘डॉक्टर म्हणाले होते, धक्का नको. किरीटभाई नवसारीला गेलेत, असं सांगत होते रोज. आम्ही एकाच खोलीत होतो. ऐकू गेलं असतं.’

‘घरात बाथरूम नाही तुमच्या?’

‘आहे.’

‘मग?’

‘गेले होते. फोन घेऊन. तुझा नंबरही लावला होता. रिंग जायच्या आधी तोडला.’ चौलानं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं. ‘सांगू? ऐकशील?’

‘सांग. आता काय उरलंय.’

‘मला बरं वाटत होतं, हर्षिदा. आदल्या दिवशी हे चमचाभर भात आपल्या हातानं जेवले होते. मी बाथरूममध्ये आरशासमोर उभी होते, तुला फोन करायला, आणि आरशात माझं तोंड... ते दुःखी होत नव्हतं. मी करून पाहिलं. होईना. किरीटभाई गेले आणि माझे आले, आणि मला बरं वाटत होतं. आवाजात तुला ते ऐकू आलं असतं. तुला माझा सगळा आवाज कळतो.’ तिनं पदर पुन्हा बोटाला गुंडाळला. ‘दुसऱ्या दिवशीही तेच. मग महिना गेला. मग कसल्या तोंडानं करणार?’

हर्षिदानं हात मांडीखाली दाबून धरले. नाहीतर ते उठले असते. ही एक गोष्ट तिच्या दुपारच्या सुडांत कधी आली नव्हती. त्यांत चौला विसरलेली असे, घाबरलेली असे, कृतघ्न, आपमतलबी, सगळं असे. आनंदात कधी नसे. आणि हे खरं होतं. ते इतकं खरं होतं की त्याचा वास यावा. समजा टोपली उलटी आली असती, इकडे. समजा चमचाभर भात किरीटनं खाल्ला असता, ह्याच चादरीच्या जागी, खाटेवर बसून. हर्षिदाला ते भाताचं शीत दिसलं, त्याच्या हनुवटीला चिकटलेलं, आणि पोटात असा आनंद उसळला की तिला ओकारीच आली. ती उठली आणि स्वयंपाकघरात गेली. ओट्याला धरून उभी राहिली. भांडी घासायची वाटी समोर होती. तिनं तिच्यातली पूड मोरीत उपडी केली. वाटी धुतली, दोनदा धुतली, पदरानं पुसली. डब्याचं झाकण काढलं. पोंक निवून गार झाला होता. सकाळचा हिरवा रंग काळसर पडलेला, दाणे आक्रसलेले. वाटी भरून ती बाहेर आली आणि चौलापुढे ठेवली.

चौला दचकली. ‘बेसण्यात खातात का कुठे?’

‘खा.’

‘ही माझी वाटी.’

‘हो. भांडी घासायची पूड ठेवते तिच्यात.’

चौलानं वाटीच्या काठावरून बोट फिरवलं. नाव अर्धं झिजलं होतं. ‘धुतलीस ना?’

‘नाही,’ हर्षिदा म्हणाली.

चौलानं वर पाहिलं, मग वाटीत पाहिलं, आणि बचकभर दाणे तोंडात टाकले. गाल फुगला. जबडा एकदा इकडे, एकदा तिकडे. हर्षिदा समोर मांडी घालून बसली आणि तिच्या जबड्याकडे बघत राहिली.

‘कडक झालाय,’ चौला भरल्या तोंडानं म्हणाली.

‘होऊ दे. चाव.’

‘लिंबू तरी. दाराबाहेर—’

‘नाही मिळणार. चाव.’

चौला चावत राहिली. चावता चावता तिच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं, ते रडण्याचं की दाढेचं ते कळायला मार्ग नव्हता. डावीकडची दाढ तिची तीन वर्षांपूर्वीही दुखायची. हर्षिदाला ते आठवलं. तिनं सांगितलं नाही की उजवीकडून चाव. थोड्या वेळानं तिनं हात पुढे करून वाटीतले चार दाणे उचलले आणि आपल्या तोंडात टाकले. चव मातकट होती, धुराची, आणि आत खूप आत कुठेतरी अजून जराशी गोड. दोघी चावत होत्या. किरीट हार घालून बघत होता, पुढच्या-मागच्याची चौकशी करायला तोंड उघडावं तसा. वाटी संपायला बराच वेळ लागला. संपेपर्यंत हर्षिदानं तिला उठू दिलं नाही.

सहा वाजून गेले तेव्हा चौला गुडघ्यावर हात टेकून उठली. फोटोपुढे हात जोडले, हर्षिदापुढे जोडले, रिकामी वाटी उचलली नाही, आणि एक शब्द न बोलता गेली. सगळं रीतसर. चपलांजवळची लिंबं तिथेच राहिली. हर्षिदा खोलीच्या मध्ये उभी राहिली. चादरीवर जिथे चौला बसली होती तिथे खळगा होता, आणि चार बोटांवर तिचा स्वतःचा. ती वाकून चादर उचलायला गेली, उचलली नाही, आणि गॅलरीत आली. कठड्यावरची ओली चादर तिनं एका बाजूला ओढली.

चौला खाली गल्लीच्या मध्यावर थांबली होती. तीस वर्षं ती तिथेच थांबायची, हर्षिदाकडून निघाल्यावर, आपल्या दारात शिरायच्या आधी. मान वर करायची, हर्षिदा वरून ‘आवजो’ म्हणायची, आणि मगच ती आत जायची. आताही मान वर होती. पांढऱ्या साडीत, भर रस्त्यात, पोंकाचा एक दाणा हनुवटीला चिकटलेला. मागून आलेल्या स्कूटरवाल्यानं भोंगा दिला, ‘मासी, बाजूला!’ ती हलली नाही. समोरच्या गॅलरीच्या दारात नरेशभाई येऊन उभे होते, कधी बायकोकडे, कधी हर्षिदाकडे बघत. हिंडोळा गप्प होता.

शब्द हर्षिदाच्या जिभेवर होता, दाढेतल्या दाण्याशेजारी. तिनं आधी दाणा चावायला घेतला.

उभी राहू दे, तिला वाटलं. जरा वेळ उभी राहू दे.